चमत्कार कुणाच्या हातचे?

आपल्या अंकात सिनेमातल्या ट्रिकसीनवर लेख पाहून काही मैत्रिणींना आश्चर्य वाटेल. हुंडाबळी, पोटगी, रेशन, दारूचे गुत्ते असे प्रश्न समोर असताना जुन्या चित्रपटांतले चमत्कार जपले जातात की नाही, याची चिंता आपण कशाला करायची? मला वाटते, करायला हवी. कारण हा प्रश्न बायकांच्या श्रमांची नोंद कोण ठेवते आणि कशी ठेवते, याच्याशी जोडलेला आहे.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांसमोर आला. दादासाहेब फाळके छायाचित्रण आणि छपाई जाणत होते, जादूचे प्रयोगही करत. कॅमेरा थांबवून माणूस अदृश्य करायचा, एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून हवेत देव प्रकट करायचा, अशा युक्त्या त्यांनी वापरल्या. पुढे ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालिया मर्दन’ (१९१९) पाहायला लोकांची झुंबड उडाली. हा इतिहास आपण शाळेपासून ऐकतो. तो खरा आहे, पण पुरा नाही.

त्या काळी कच्ची फिल्म कडेच्या छिद्रांशिवाय येत असे. छिद्रे घरीच, अंधारात, यंत्रावर पाडावी लागत. हे काम दादरच्या घरात सरस्वतीबाई फाळके करत. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट. एका फुटात सोळा चित्रे आणि प्रत्येक चित्राच्या दोन्ही बाजूंना चार-चार छिद्रे. हिशोब करून पाहा. एका प्रतीलाच चार लाखांहून अधिक छिद्रे होतात. निगेटिव्ह वेगळी आणि वाया गेलेली फिल्म वेगळी. शिवाय फिल्म धुणे, जोडणे, साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक आणि घरातली लहान मुले होतीच.

आता ट्रिकसीनकडे पाहू. दुहेरी चित्रणात एकच फिल्म कॅमेऱ्यातून दोनदा जाते. छिद्रे जराशी कमीजास्त अंतरावर पडली, तर दोन्ही वेळची चित्रे एकमेकांवर नीट बसत नाहीत. देव थरथरतो आणि राजा जागीच हलतो. म्हणजे पडद्यावरचा चमत्कार जितका कॅमेऱ्यामागच्या कल्पकतेवर उभा होता, तितकाच अंधारात बसलेल्या बाईच्या हाताच्या अचूकपणावरही.

सरस्वतीबाईंचा उल्लेखच होत नाही, असे नाही. होतो, पण कसा? नवऱ्यासाठी दागिने काढून देणारी, सगळ्यांना जेवू घालणारी, त्यागी सहधर्मचारिणी म्हणून. तंत्रज्ञ म्हणून नाही. समाजकार्यातल्या आम्हा लोकांना ही भाषा ओळखीची आहे. वस्तीत कुटुंबाची माहिती भरताना ‘तुम्ही काय काम करता?’ असे विचारले, की विड्या वळणारी, पापड लाटणारी, नवऱ्याच्या शिवणयंत्राशेजारी बसून काजे-बटणे करणारी बाई म्हणते, ‘काही नाही, घरीच असते.’ आणि फॉर्मवर ‘गृहिणी’ लिहिले जाते. सरस्वतीबाईंच्या बाबतीत इतिहासाने हाच फॉर्म भरला आहे. तोच हात पुरुषाचा असता, तर त्याला आपण प्रयोगशाळेचा प्रमुख म्हटले असते.

हे आपल्याकडेच घडले असे समजू नका. ट्रिकपटांचा जनक म्हणून जगभर नाव घेतात ते फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएस यांचे. १८९६ मधल्या त्यांच्या एका गाजलेल्या ट्रिकमध्ये खुर्चीवर बसलेली बाई गायब होते. ती अभिनेत्री होती जेहान द’आल्सी. मेलिएस यांच्या चित्रपटांना रंग दिला जाई पॅरिसमध्ये एलिझाबेथ त्युलिए या बाईंच्या कारखान्यात. तिथे दोनशेच्या आसपास कामगार स्त्रिया होत्या. प्रत्येकीकडे एकच रंग. बारीक कुंचल्याने एकेक इवले चित्र रंगवायचे आणि फीत पुढच्या बाईकडे सरकवायची. मेलिएस यांनी १९२३ मध्ये वैतागून आपल्या निगेटिव्ह जाळल्या. ‘चंद्रावरची सफर’ (१९०२) या चित्रपटाची हाताने रंगवलेली एक प्रत पुढे स्पेनमध्ये सापडली आणि २०११ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा पडद्यावर आली. चित्रपट वाचला, रंग वाचले. पण ते रंग भरणाऱ्या हातांची नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत.

आपल्याकडे तर फिल्मच फारशा उरल्या नाहीत. मूकपटांच्या काळात हजाराहून अधिक चित्रपट निघाले. त्यांतले पूर्ण किंवा तुकड्यांनी उरलेले तीसच्या आसपास. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले १९६४ मध्ये, म्हणजे पहिल्या कथापटानंतर अर्ध्या शतकाने. त्यातही जानेवारी २००३ मध्ये नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून शेकडो चित्रपटांची रिळे गेली. म्हणून जुनी रिळे वाचवण्याचे काम करणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. माझे म्हणणे एवढेच, की केवळ रीळ वाचवून इतिहास वाचत नाही. पडद्यावरचे दिसते. पडद्यामागे कोण राबले, ते रिळावर उमटत नाही. ते पत्रांत, हजेरीपटात, पगाराच्या वह्यांत आणि माणसांच्या आठवणींत असते. तेही गोळा झाले पाहिजे, संग्रहालयाच्या सूचीत गेले पाहिजे, आणि दुरुस्त केलेला चित्रपट दाखवताना सांगितले गेले पाहिजे.

हा प्रश्न जुनाही नाही. आज मुंबई, हैदराबाद, चेन्नईच्या स्टुडिओंत तरुण मुलेमुली रात्र-रात्र संगणकासमोर बसून एकेका चित्राच्या कडा कापतात, तारा पुसतात. त्या सगळ्यांची नावे श्रेयनामावलीत येतातच असे नाही. शंभर वर्षांनी त्यांच्यातल्या मुलींबद्दलही आपण ‘हातभार लावला’ एवढेच म्हणणार का?

हे काम आपल्याला येत नाही, असे कुणी समजू नये. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्याशी बोलून ‘आम्हीही इतिहास घडवला’ सिद्ध केले. मुंबईत १९८८ मध्ये सुरू झालेल्या ‘स्पॅरो’ने स्त्रियांचे आवाज, छायाचित्रे, कागद जपण्याचे काम उभे केले. सिनेमाच्या गावांतल्या, म्हणजे मुंबई, पुणे, कोल्हापूर, नाशिकच्या मैत्रिणींनी आपल्या भागातल्या वयस्क बायकांना एवढे तरी विचारावे: स्टुडिओत, फिल्म धुण्याच्या कारखान्यात, पडदे रंगवण्याच्या, कपडेपटाच्या कामाला कुणी जात होते का? काय करायच्या? किती मिळायचे? पगार कुणाच्या हातात पडायचा? बोलणे ध्वनिमुद्रित करा, तारीख घाला, आणि ‘मदत’ हा शब्द आला की थांबून विचारा, मदत म्हणजे नेमके काय काम?

या बायका आता फार थोड्या उरल्या आहेत. पुढच्या वर्षी पाहू, असे म्हणण्याइतका वेळ आपल्या हाती नाही.