‘ज्या–त्या’ आणि ‘मे–शॅल’ : हक्काच्या वाक्याचे व्याकरण

सीमाप्रश्नाविषयी बोलताना आपण १९५६ ची राज्यपुनर्रचना, महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, जनगणनेचे आकडे आणि गावांच्या याद्या यांविषयी बोलतो. ज्या वाक्यांवर हा लढा न्यायालयात उभा आहे, त्या वाक्यांच्या रचनेकडे मात्र क्वचितच पाहतो. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तो राज्यघटनेच्या कलम १३१ अन्वये. राज्यांमधील वाद थेट त्या न्यायालयात नेण्यासाठी हे कलम एक अट घालते : ज्या प्रश्नावर कायदेशीर हक्काचे अस्तित्व किंवा त्याची व्याप्ती अवलंबून असेल, असा प्रश्न त्या वादात असला पाहिजे. मूळ इंग्रजीत हा संबंध ‘ऑन विच’ या दोन शब्दांनी बांधला आहे. उलट, सीमा बदलणे हा संसदेचा अधिकार आहे, हा कर्नाटकाचा युक्तिवाद कलम ३ वर उभा आहे. त्या कलमाचे क्रियापद ‘मे’ने सुरू होते; म्हणजे संसदेला तसे ‘करता येईल’. एका पक्षाचा आधार संबंधी गौणवाक्य, दुसऱ्याचा आधार सहायक क्रियापद. व्याकरण हा केवळ शाळेतला विषय नव्हे, हे आपल्या भागाइतके आणखी कोणाला कळावे?

हक्क सांगणाऱ्या प्रत्येक वाक्याला दोन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. पहिला संबंधाचा : कोणाकडे, कशासाठी, कशावर? दुसरा बळाचा : करता येईल, करावे, की केलेच पाहिजे? कायद्याची इंग्रजी ही दोन उत्तरे दोन वेगळ्या शब्दांत ठेवते. ‘टू हूम’, ‘फॉर विच’, ‘ऑन विच’ हे शब्द संबंध सांगतात; ‘मे’, ‘शॅल’, ‘मस्ट’ हे बळ सांगतात. एक बदलला तरी दुसरा जागचा हलत नाही. बोलताना इंग्रज माणूस ‘टू’ वाक्याच्या शेवटी सोडतो : ‘द ऑफिसर यू मस्ट कम्प्लेन टू’. आपल्या भाषेत शब्दयोगी अव्यय नामाला चिकटलेले असते, ते असे मागे लोंबत राहत नाही. म्हणून आपली मुले हा ‘टू’ हमखास गाळतात आणि ‘द ऑफिसर हूम वी मस्ट कम्प्लेन’ असे लिहून मोकळी होतात. चूक एका शब्दाची, पण नेमका संबंधच त्यात हरवतो.

मग मराठी या कामाला अपुरी आहे काय? मुळीच नाही. ‘ज्या अधिकाऱ्याकडे तक्रार करता येईल, तो अधिकारी’ या वाक्यात ‘कडे’ संबंध सांगते आणि ‘करता येईल’ बळ सांगते. ज्या–त्याची ही जोडी इंग्रजीच्या अनुकरणाने आलेली नाही. संस्कृतातील यत्–तत् पासून ज्ञानेश्वरीतील जो–तो पर्यंत ती आपलीच आहे. इंग्रजी वळणाचे असेल, तर ‘तो अधिकारी, ज्याच्याकडे…’ असे उलटे टांगलेले वाक्य. ज्या–त्या जड वाटते म्हणून ते टाळावे, हा आग्रह त्यामुळे मला अज्ञानाचा वाटतो.

ज्या–त्या टाळल्यावर आपण आधार घेतो तो ‘-आयचा’, ‘-वयाचा’ या धातुसाधितांचा. ‘पैसे द्यायचा माणूस’ म्हणजे ज्याला पैसे द्यायचे तो, की ज्याने पैसे द्यायचे तो? दोन्ही अर्थ निघतात, कारण ‘ला’ आणि ‘ने’ दोन्ही गळाले. ‘द्यायचे’ म्हणजे देता येतील, द्यावेत की दिलेच पाहिजेत, हेही कळत नाही. वडगावच्या एखाद्या यंत्रमागधारकाला ‘माहिती द्यावयाचा अधिकारी’ असा मथळा असलेला कागद मिळाला, तर त्याने माहिती विचारायला जायचे की स्वतःची माहिती नोंदवायला? घरगुती बोलण्यात प्रसंग अर्थ पुरवतो. कागद दुसऱ्या टेबलावर गेला की प्रसंग मागे राहतो आणि उरतात फक्त शब्द.

आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे. कन्नडात नामापूर्वी येणारे धातुसाधित विशेषण हीच स्वाभाविक रचना आहे. कन्नड परिपत्रकाचे शब्दाला शब्द ठेवून मराठी केले, की तीच घडण मराठीत उतरते. दोष कन्नडचा नाही. आपल्या भाषेत असलेली दुसरी वाट न वापरणाऱ्याचा आहे.

बळाच्या बाबतीत तर आपली निवेदने अधिकच ढिली असतात. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-क आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे आणि स्थानिक प्राधिकरणाचे काम, असे ते सांगते आणि तेथे ‘शॅल’ आहे. त्याच कलमात राष्ट्रपतींनी राज्याला निदेश देण्यासंबंधी ‘मे’ आहे. कलम ३४७ मध्येही, मोठ्या लोकसमूहाची मागणी असल्यास भाषेला मान्यता देण्याचा निदेश राष्ट्रपतींना ‘देता येईल’, एवढेच आहे. आपण मात्र जेथे ‘शॅल’ आहे तेथे ‘सोयी मिळाव्यात ही नम्र विनंती’ लिहितो आणि जेथे ‘मे’ आहे तेथे ‘राष्ट्रपतींनी आदेश दिलाच पाहिजे’ अशी गर्जना करतो. पहिल्या ठिकाणी हक्काची भीक होते, दुसऱ्या ठिकाणी अर्ज फेटाळायला कारण मिळते. न्यायालये प्रसंगी ‘मे’चा अर्थही बंधनकारक लावतात, पण तो संदर्भाने सिद्ध करावा लागतो, आवाज चढवून नव्हे.

मराठी परिपत्रकांच्या मागणीचेही तसेच. ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात एखाद्या भाषिक अल्पसंख्याक गटाची संख्या १५ टक्के वा अधिक असेल, तेथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, ही मान्य झालेल्या संरक्षण-योजनेतील तरतूद आहे. ती घटनेचे कलम नव्हे, हे प्रामाणिकपणे मान्य करूनही ती नेमकी मांडता येते. ‘आमच्या भागात मराठी परिपत्रके मिळावीत’ या वाक्यात ना अट आहे, ना जबाबदार कोण ते. ‘ज्या तालुक्यात मराठी भाषकांची संख्या १५ टक्क्यांहून अधिक आहे, त्या तालुक्यात प्रशासनाने महत्त्वाच्या सूचना मराठीतही प्रसिद्ध केल्या पाहिजेत, कारण तसे मान्य करण्यात आले आहे’ या वाक्यात प्रदेश, अट, कर्ता आणि बळ चारही आले. उत्तर देणाऱ्याला आता पळवाट नाही; त्याला आकडा तरी खोडावा लागेल किंवा सूचना मराठीत द्याव्या लागतील.

कलम ३५० अन्वये गाऱ्हाणे राज्यात किंवा संघराज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क आपल्याला आहे. तो हक्क मराठीत बजावायचा, तर ती मराठी इंग्रजी मसुद्याइतकीच काटेकोर हवी. म्हणून समितीच्या प्रत्येक शाखेने निवेदनावर सह्या घेण्यापूर्वी त्यातील प्रत्येक वाक्याला दोनच प्रश्न विचारावेत : ‘ज्या’ला लागलेला ‘कडे’, ‘साठी’, ‘वर’ जागेवर आहे का? आणि क्रियापद विनंती करते, परवानगी देते की बंधन घालते? मराठीसाठी लढणाऱ्यांची मराठी ढिली असणे परवडणारे नाही.