आता डाव कुणाचा?



मागच्या पौर्णिमेला सोनपेठच्या आमच्या वस्तीतील विहारात वंदना झाली आणि शेजारची एक लेकुरवाळी माझ्याजवळ येऊन बसली. "ताई, मोबाईलपायी दोन्ही लेकरं एकमेकांचे केस उपटायलेत," म्हणाली. कोणता खेळ म्हणून विचारले, तर वरून ठोकळे पडतात तो. मी म्हटले, "फोन कुणाच्या हातात असतो?" ती म्हणाली, "पोराच्या. पोरगी बघत बसती."

मला माझे लहानपण आठवले. तेव्हा आमच्याकडे मोबाईल नव्हते, पण हाच खेळ हातात मावणाऱ्या प्लॅस्टिकच्या डबीत मिळायचा. सगळे त्याला ब्रिक गेम म्हणत. डबीवर 9999 खेळ असे छापलेले असायचे. खरे खेळ थोडेच, तेच फिरवून फिरवून मोजलेले. त्यातला मुख्य खेळ विटांचा. पडदा 10 घरे रुंद आणि 20 घरे उंच. आकार सात, प्रत्येकात चार चौकोन. वरून एकेक आकार उतरतो, तो फिरवून नीट बसवायचा. आडवी ओळ भरली की पुसली जाते, फट राहिली की ढीग वर चढत जातो. चार ओळी एकदम घालवायच्या तर लांब पट्टीच लागते, आणि ती हवी तेव्हा कधी येत नाही!

हा खेळ 1984 साली मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव यांनी रचला. ते सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात नोकरीला होते. त्यांच्या संगणकावर चित्रे काढता येत नव्हती, म्हणून कंसाच्या खुणा जोडून त्यांनी चौकोन केले. नाव ठेवले टेट्रिस; ग्रीक भाषेत चारला जो शब्द आहे त्यावरून, आणि त्यांच्या आवडत्या टेनिसवरून. 1989 साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने अमेरिकेत गेम बॉय नावाच्या हातातल्या यंत्राबरोबर हा खेळ दिला आणि तो कोट्यवधी घरांत गेला. पण हक्क सरकारच्या हाती होते. ज्याने खेळ रचला त्याला विक्रीतला वाटा 1996 पासून मिळू लागला. तोवर बारा वर्षे गेली होती.

हे वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे कोयता आला. ज्या घरांतून ऊसतोडीला जातात त्यांना सांगायला नको: नवरा-बायको मिळून एक कोयता. ऊस दोघांनी तोडायचा, मोळ्या तिने बांधायच्या, डोक्यावर वाहायच्या, आणि मुकादमाकडून उचल घेताना हात मात्र नवऱ्याचा. माझी माय असे कितीतरी हंगाम अर्धा कोयता होती.

अशाच एका हंगामावरून परतताना वडिलांनी एस.टी. स्टँडवर ब्रिक गेम घेतला आणि तो भावाच्या हातात दिला. सहा महिने आम्ही दोघेही आजीजवळ राहिलो होतो, भाकरी मी थापल्या होत्या. "पोरीला काय करायचंय ते," असे कुणी म्हटलेसुद्धा नाही. कुणाला तो प्रश्नच पडला नाही. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा देणारे हिंदू कोड बिल रखडले, म्हणून त्यांनी 1951 साली मंत्रिपद सोडले, हे दर जयंतीच्या भाषणात आम्ही ऐकत होतो. त्याच फोटोखाली बसून भाऊ खेळायचा आणि मी त्याच्या खांद्यावरून बघायची.

रात्री तो झोपला की आवाज बंद करून मी खेळू लागले. त्या पडद्याला उजेड नसायचा, म्हणून चिमणीजवळ बसायचे. नुसते बघून बघून मला जे कळले होते ते त्याला कळले नव्हते: उजवीकडची एक उभी रांग मोकळी सोडायची आणि पट्टीची वाट बघायची. एका रात्री सर्वांत मोठा आकडा माझा झाला. सकाळी भावाने तो पाहिला. काही न बोलता मागचे झाकण उघडून त्याने दोन्ही सेल काढले. सेल काढले की त्या डबीतला आकडा पुसला जायचा, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

माय चुलीपुढे होती. ती उठली, त्याच्या मुठीतून सेल घेतले, पुन्हा बसवले आणि डबी माझ्या हातात दिली. "पुन्हा कर," म्हणाली. वडील ओसरीवर बसले होते. ते काही बोलले नाहीत.

या खेळाने लेकरे बिघडतात असे मला वाटत नाही. आकार मनातल्या मनात फिरवून बघणे ही बुद्धीची कसरतच आहे. अभ्यास आणि झोप मोडून खेळू नये, एवढेच. त्या लेकुरवाळीलाही मी फोन काढून घे असे सांगितले नाही. म्हटले, घड्याळ लाव. अर्धा तास पोरीचा, अर्धा पोराचा, आणि पहिला डाव पोरीचा.

परवा तिच्या घरी गेले होते. पोरगी खेळत होती. कुणी शिकवले नसताना तिने उजवीकडची रांग मोकळी ठेवली होती. भाऊ तिच्या खांद्यावरून बघत, "आता येती बघ, आता येती," असा ओरडत होता. पट्टी आली. तिने ती बसवली, चार ओळी गेल्या, आणि घड्याळ वाजले तसा फोन तिने त्याच्या हातात दिला.