माशांचा ठेका, पाण्याची बोंब

ज्याने पाण्यात एक बोटुकलं सोडलं नाही, जाळ्याचा एक धागा विणला नाही, भर उन्हाळ्यात तळ्यात एक घागर ओतली नाही, तो दर मुदतीला माशांचा मालक म्हणून टेबलाशी बसतो आणि मागच्या खेपेपेक्षा जास्त पैसे मागतो. हा मालक म्हणजे सरकार. कधी ते पंचायतीच्या रूपात येतं, कधी पाटबंधारे खात्याच्या, कधी देवस्थानच्या. तमिळनाडूत तळ्यातल्या मासेमारीचा हक्क असाच बोलीवर जातो. जास्त बोली ज्याची, मासे त्याचे. यात हरकत घेण्यासारखं काय आहे, असं टेबलाशी बसलेल्यांना प्रामाणिकपणे वाटतं. मला वाटतं, हरकत घेण्यासारखं यात सगळंच आहे.

कुंभकोणमला माझी थोरली बहीण दिलेली आहे, त्यामुळे कावेरीच्या त्या मुलखात माझं जाणंयेणं जुनं. भावोजींना गळाचा नाद. त्यांच्याबरोबर बसणारी मंडळी म्हणजे एक निवृत्त शिक्षक, एक विड्याच्या पानांचा व्यापारी, नाच्चियारकोविलचा एक समया घडवणारा कारागीर आणि शाळा बुडवून येणारी दोन पोरं. त्यांना हवं तर मंडळ म्हणा, हवं तर क्लब म्हणा. ना पावतीपुस्तक, ना अध्यक्ष. बांबूची काठी, दोरा, गांडूळ किंवा तांदळाच्या कोंड्याचा गोळा. मरळ धरायची असेल तर गळाला बारकी बेडकी लावायची आणि कमळाच्या पानांच्या फटीत ती नाचवत ठेवायची. दिवसभरात एखादी मरळ लागली तर संध्याकाळी घरी सण.

या मंडळींना तळ्याच्या बांधावर ठेकेदाराचा माणूस गाठतो. ‘सार, पास घ्या.’ पास कसला? तर गळ टाकण्याचा. दर कोणी ठरवला? ठेकेदाराने. का वाढला? बोली वाढली म्हणून. बोली का वाढली? मागच्या बोलीच्या खाली यायचं नाही असा शिरस्ता आहे म्हणून. या साखळीत माशाचा प्रश्न कुठे येतो ते मी शोधून पाहिलं. कुठेच येत नाही. तळ्यात मासे वाढले म्हणून दर वाढला, असं सांगणारा एक माणूस मला भेटलेला नाही. पाणी वाढलं म्हणून वाढला, असंही कोणी म्हणत नाही. वाढलेली रक्कम हेच रक्कम वाढण्याचं कारण. अर्थशास्त्राच्या नावाखाली चालणारा इतका निर्बुद्ध प्रकार दुसरा नसेल.

आता ठेकेदार काय करतो ते बघा. त्याच्या हातात मुदत मोजकी आणि डोक्यावर बोलीचं ओझं. तो बारीक आसाचं जाळं लावतो, कारण मोठ्या आसातून निसटलेला मासा पुढच्या ठेकेदाराला मिळणार. मुदत संपत आली की पंप लावून तळं उपसतो आणि चिखलात वळवळणारं सगळं टोपल्यांत भरतो. मरळ गेली, शिंगी गेली, पोरांनी नुसत्या फडक्याने धरावीत ती चिमुकली मासळीही गेली. नवा ठेकेदार येतो, पिशव्यांतून कटला-रोहूचं बीज आणून सोडतो आणि कागदावर तळं पुन्हा मत्स्यसमृद्ध होतं. हा माणूस लोभी आहे म्हणून असं वागतो का? अजिबात नाही. ठेकाच असा लिहिलाय की शहाण्या माणसाने असंच वागावं. तळं ओरबाडणाऱ्याला नफा आणि राखणाऱ्याला तोटा, हा नियम ज्यांनी केला त्यांनीच मग ‘मत्स्यसंपदेचं संवर्धन’ या विषयावर भाषणं ठोकायची. त्यांना लाज वाटायला हवी.

तळ्यांचं हे असं. खुद्द कावेरीचं काय? कुंभकोणमच्या भगवत् पडितुरै घाटाच्या पायऱ्यांवर उन्हाळ्यात जाऊन उभे राहा. समोर वाळू. मेट्टूर धरण १९३४ साली पुरं झालं, आणि त्याची दारं १२ जूनला उघडायची आणि २८ जानेवारीला मिटायची हा तिथला रिवाज. तोही धरणात पुरेसं पाणी असेल तर. मधले महिने खालच्या खोऱ्यातल्या कावेरीला नदी म्हणणं धाडसाचं आहे. २००७ साली कावेरी लवादाने पर्यावरणाच्या नावे १० टीएमसी पाणी बाजूला काढलं, म्हणजे नदीला नदी म्हणून जगायला पाणी लागतं हे कागदावर मान्य झालेलं आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाने तमिळनाडूला १७७.२५ टीएमसी पाणी सोडावं असं ठरवलं. दोन राज्यं त्यातल्या थेंबाथेंबासाठी भांडतात, बसगाड्या जाळल्या जातात, बंद पाळले जातात. पण मे महिन्यात कुंभकोणमच्या डोहात मासा जगेल एवढं पाणी ठेवा, असं म्हणत यातला एक तरी पुढारी रस्त्यावर उतरला का? माशाला मत नाही. गळ टाकणाऱ्याला आहे, पण त्याची मतपेढी नाही.

आणि जे पाणी येतं ते कसं येतं? वर करूरकडे नोय्यल नदी कावेरीला मिळते. तिरुप्पूरच्या रंगाऱ्यांनी या नदीची जी दशा केली ती जगजाहीर आहे. शेतीसाठी म्हणून १९९२ साली ओरत्तुपाळयम धरण बांधलं आणि त्यात साठलं काय, तर रंगाचं सांडपाणी. शेतकऱ्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली, आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रंगशाळा बंद करायला लावल्या. एवढ्या वर्षांत माशांचे ठेके देणाऱ्या कुठल्या खात्याने असं म्हटलं का, की आमच्या मालाची नासाडी होतेय, आम्ही दावा लावतो? मालक असलात तर मालकासारखे भांडा. भाडं घेताना मालक आणि विष कालवलं जाताना तिऱ्हाईत, ही चैन दुसऱ्या कुठल्याही घरमालकाला कायदा करू देत नाही.

इथे इंग्लंडचं एक उदाहरण द्यायलाच हवं. तिथे नदीतल्या मासेमारीचा हक्क साधारणपणे काठच्या जमीनमालकाचा असतो आणि गळवाल्यांचे क्लब तो विकत किंवा भाड्याने घेतात. डर्बी गावच्या अशाच एका क्लबने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला डरवेंट नदी नासवल्याबद्दल तिघांना कोर्टात खेचलं. एक, ब्रिटिश सेलनीज हा कृत्रिम रेशमाचा बडा कारखाना. दोन, खुद्द डर्बीची नगरपालिका. तीन, सरकारी वीजमंडळ. रविवारी गळ टाकून बसणाऱ्या सामान्य माणसांचा क्लब, आणि समोर असे तीन धटिंगण. क्लब जिंकला. नगरपालिकेने सांगून पाहिलं की सांडपाण्याचं काम आमच्याकडे कायद्यानेच दिलंय. अपील न्यायालयाने ते ऐकून घेतलं नाही. मासेमारीचा हक्क म्हणजे मासे जगतील अशा पाण्याचा हक्क, हा त्या निकालाचा गाभा. आपल्याकडच्या ठेक्याच्या कागदात हे वाक्य शोधा. अनामत रक्कम सापडेल, दंडाचं कलम सापडेल, मुदतीआधी ठेका रद्द करण्याचा सरकारचा अधिकार ठळक सापडेल. पाण्याबद्दल अवाक्षर नाही.

‘मग काय, फुकट द्यायचं?’ हा प्रश्न साहेब लोक आता विचारतीलच. त्याचं उत्तर कावेरीच्याच वरच्या अंगाला आहे.

कर्नाटकात मत्स्यखातं नदीचे पट्टे ठेक्याने देतं. कोडगूत वालनूरजवळचा कावेरीचा पट्टा कूर्ग वाइल्डलाइफ सोसायटी ठेक्याने सांभाळत आली. तिच्या परवान्याशिवाय तिथे गळ टाकता येत नाही आणि लागलेला महसीर परत पाण्यात सोडावा लागतो. खाली भीमेश्वरी, गालिबोरे इथे गळवाल्यांच्या छावण्या होत्या. अशाच गळवाल्यांची बंगळूरची वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया ही संस्था १९७२ची. चोरून मासे मारणाऱ्या स्थानिकांनाच पगारावर घेऊन राखणदार करायचं, ही या पट्ट्यांवरची पद्धत. महसीर धरायचा, वजन करायचं, वहीत लिहायचं, सोडायचा. १९९८ ते २०१२ या काळातली गालिबोरेची ती वही पुढे शास्त्रज्ञांच्या हाती लागली. २३,६२० तासांची गळबाजी आणि ६,१६१ महसीर. सगळ्यात मोठा ४६.८ किलोचा! माणसाएवढा मासा, आणि तो परत नदीत गेलेला.

या वहीने क्लबवाल्यांच्या पदरात एक कडू सत्यही टाकलं, आणि आपल्यासाठी ते घरचं आहे. कावेरीत महसीर कमी झाला म्हणून सत्तरच्या दशकापासून या मंडळींनी लोणावळ्याच्या टाटांच्या केंद्रातून महसीराची पिल्लं नेऊन कावेरीत सोडली. तो आपला दख्खनी महसीर, कर्नल साइक्सने १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतून ज्याची शास्त्रात नोंद केली तो. पाहुणा कावेरीत रुजला, फोफावला, आणि तिथला मूळचा कुबड्या महसीर वहीतून हळूहळू दिसेनासा झाला. २०१८ साली शास्त्रज्ञांनी या कुबड्याची ओळख ‘टॉर रेमादेवी’ म्हणून पक्की केली. तो आज अतिसंकटग्रस्त आहे. म्हणजे चांगल्या हेतूने क्लबवाल्यांनी घोळ घातला, याबद्दल दुमत नको. पण तो घोळ उघडकीला कोणी आणला? गळवाल्यांच्याच वहीने. लिलावात पट्टा घेणाऱ्या कुठल्या ठेकेदाराने अशी वही ठेवली? कुठल्या खात्याने मागितली?

बरं, एवढी वही, एवढे राखणदार असताना सरकारने काय केलं? भीमेश्वरी-गालिबोरेचं हे खोरं १९८७ पासून अभयारण्य. अभयारण्यात शिकार बंद. मासा गळाला लावणं म्हणजे शिकार, असा अर्थ लावून छावण्यांतली गळबाजी थांबवली. मासा जिवंत सोडणारा माणूस शिकारी ठरला आणि नदीवरून उठला. त्याच्याबरोबर त्याचा पहारा उठला. रात्री जिलेटिन पेटवून डोहाचा डोह पालथा करणाऱ्याला परवाना लागत नाही, त्यामुळे तो रद्द होण्याचीही भीती नाही. एकीकडे मासा इतका पवित्र की त्याला गळ दाखवायचा नाही, दुसरीकडे तोच मासा जाळ्याने ओढायचा हक्क बोलीवर, आणि हे दोन्ही एकाच नदीवर! ज्यांना यात विसंगती दिसत नाही त्यांच्या हाती नद्या आहेत.

आपल्या राज्याने नाक वर करू नये. तलाव ठेक्याचं धोरण महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्ये बदललं आणि २०१९ मध्ये पुन्हा बदललं. भोई, कोळी, ढिवर यांच्या सहकारी संस्थांनी प्रत्येक वेळी नवा हिशेब मांडायचा. पवईचं बघा. १८९१चा तलाव, काठाशी गळवाल्यांची जुनी संघटना, आत सांडपाणी, वर जलपर्णी. आणि पालिकेला काय सुचलं? तलावाच्या कडेने सायकल ट्रॅक. मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवलं.

महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे. डोहात महसिरांचे थवे, वर वरदायिनीचं ठाणं. तिथे मासेमारी नाही, कारण गावाने नाही म्हटलंय. बोली नाही, अनामत नाही, पास नाही, अधिकारी नाही. आणि मासे आहेत. हा डोह मी साहेबांना दाखवू इच्छितो. शासनाने एक पैसा महसूल न घेता जे झालं, ते महसूल घेऊन एका तरी ठिकाणी करून दाखवा.

हक्क मागून मिळत नाही हेही खरं. बिहारमध्ये सुलतानगंज ते पीरपैंती या ८० किलोमीटर गंगेवर १९८० च्या दशकातही जमीनदारी होती, वाहत्या पाण्यावर! कहलगावच्या मच्छीमारांनी १९८२ मध्ये गंगामुक्ती आंदोलन उभारलं आणि १९९१ मध्ये ती मोडीत काढायला लावली. त्याच वर्षी त्याच पट्ट्यात डॉल्फिन अभयारण्य जाहीर झालं आणि नुकता सुटलेला मच्छीमार वनखात्याच्या तोंडी गेला. जमीनदार गेला, खातं आलं.

म्हणून कुंभकोणमच्या मंडळींना मी एवढंच सुचवलंय की पुढच्या बोलीच्या दिवशी सगळ्यांनी मिळून जा आणि रक्कम बोलायच्या आधी अटी वाचायला लावा. जाळ्याचा किमान आस किती ते लिहा. तळं उपसायला बंदी लिहा. मे महिन्यात किमान किती पाणी राहील ते लिहा, आणि नाही राहिलं तर ठेक्याची रक्कम परत कोण करणार त्याचं नाव लिहा. गावातल्या पोराला काठी-दोऱ्याने मासा धरायला पास लागणार नाही, हे लिहा. जे मंडळ वही ठेवेल, राखण करेल, त्याला नाममात्र शुल्कावर दहा वर्षं तळं द्या, आणि दरवर्षी ती वही गावासमोर वाचा. भावोजी म्हणाले, साहेब हसतील. हसू देत. हसून झालं की प्रत्येक अटीपुढे हो किंवा नाही लिहून सही करायला सांगा, आणि त्या कागदाची प्रत घेतल्याशिवाय उठू नका.