फलक तोच, जागा दुसरी

२ जून २००१ रोजी ब्रायन हॉ नावाचा एक सुतारकाम करणारा गृहस्थ लंडनमध्ये पार्लमेंटसमोरच्या फुटपाथवर येऊन बसला. इराकवरच्या आर्थिक निर्बंधांमुळे तिथली मुलं मरताहेत, हे त्याचं म्हणणं. पुढे अफगाणिस्तान आणि इराकची युद्धं झाली, आणि त्याचे फलक, झेंडे, मुलांची छायाचित्रं, टेडी बेअर यांची रांग चाळीस मीटरांपर्यंत लांबली. माणूस हेकट. भोंग्यावरून ओरडायचा. माझ्या घरासमोर असा कोणी बसला असता, तर मीही कपाळाला आठ्या घातल्या असत्या. पण तो माझ्या घरासमोर बसला नव्हता. १८ मार्च २००३ रोजी युद्धाच्या बाजूने मत देणाऱ्या ४१२ खासदारांच्या वाटेवर बसला होता.

बँकेत असताना मी कितीतरी गहाणखतं वाचली. त्यांत मालमत्तेची चतुःसीमा असते: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमक्याचं घर. सीमा चुकली की सगळा दस्त लटका पडतो. निषेधाचंही तसंच असावं. कोणासमोर उभं राहून बोललं, यावर बोलण्याचा अर्थ ठरतो. सत्ताधाऱ्यांना हे आपल्याआधी कळतं, म्हणून ते मजकुरावर बंदी घालत नाहीत, जागेचे नियम करतात. २००४ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये युद्धविरोधी सभेला परवानगी नाकारली गेली, ती हिरवळ खराब होईल म्हणून! ब्रिटनने २००५ साली कायदा केला, की पार्लमेंटच्या परिसरात, एक किलोमीटरच्या आत, परवानगीशिवाय निदर्शन नाही. हॉ कायद्याआधीपासून बसलेला, म्हणून आधी कोर्टात सुटला, पण वरच्या कोर्टात हरला. २३ मे २००६ च्या पहाटे पोलिसांनी त्याचं बहुतेक सामान उचलून नेलं.

गोष्टीची खरी गंमत पुढेच आहे. मार्क वॉलिंजर या चित्रकाराने त्या सगळ्या पसाऱ्याची हुबेहूब नक्कल करवून घेतली आणि जानेवारी २००७ मध्ये ती टेट ब्रिटन या कलासंग्रहालयात मांडली. एक किलोमीटरची हद्द त्याच्या हिशेबाने संग्रहालयाच्या मधून जात होती. त्याने ती जमिनीवर काळ्या रेषेने आखली. म्हणजे निम्मं प्रदर्शन हद्दीच्या आत! त्याच वर्षी त्याला पंचवीस हजार पौंडांचं टर्नर पारितोषिक मिळालं. फुटपाथवर जो अडथळा होता, तो छताखाली कलाकृती झाला.

वॉलिंजरचं काम मला धाडसाचं वाटतं, तरी मन खट्टू होतं. फुटपाथवर विषय होता इराकची मुलं. संग्रहालयात विषय झाला ब्रिटिश नागरिकाचं स्वातंत्र्य. तोही महत्त्वाचाच, पण दुसरा. छायाचित्रं तीच राहिली आणि त्यांतली मुलं मागे सरकली. शिवाय तिथे येणारा माणूस पाहण्याच्या तयारीनेच येतो. मत द्यायला निघालेल्या खासदाराची तशी तयारी नसते, आणि नेमकं त्याच्याच डोळ्यांपुढे ते यायला हवं होतं.

अर्थात भिंतीवरचं चित्र नेहमीच निरुपद्रवी असतं असंही नाही. पिकासोने १९३७ साली गेर्निका गावावरच्या बाँबवर्षावाचं चित्र काढलं. त्याची विणलेली प्रतिकृती संयुक्त राष्ट्रसंघात सुरक्षा परिषदेच्या दाराबाहेर टांगलेली होती. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल इराकविरुद्धची बाजू मांडायला आले, त्या सुमारास तिच्यावर निळा पडदा ओढला गेला. टीव्हीच्या कॅमेऱ्यांना साधी पार्श्वभूमी हवी, असं कारण दिलं गेलं. चित्र वर्षानुवर्षं तिथेच होतं. पण त्या दिवशी त्याच्यापुढे उभं राहून कोण काय बोलणार, हे बदललं होतं.

हॉच्या वाट्याला पोलिसांच्या अटीप्रमाणे तीन मीटर जागा उरली. टेटमध्ये लोक त्याच्या फलकांची नक्कल पाहत होते, तेव्हा तो त्याच फुटपाथवर, पार्लमेंटकडे तोंड करून बसलेला होता. २०११ च्या जूनमध्ये तो कर्करोगाने गेला. त्यानंतर परवानगीचं ते कलम रद्द झालं.