हारतुरे झाले, आता जमाखर्च

२१ डिसेंबर २०२५ रोजी मतमोजणी संपली आणि महाराष्ट्रातील नगरपरिषदांना सुमारे चार वर्षांच्या खंडानंतर लोकांनी निवडलेले नगराध्यक्ष लाभले. रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा-अष्टमी या दोन जुन्या नगरपरिषदा त्यांपैकीच होत. नव्या पदाधिकाऱ्याचे पहिले दिवस कसे जातात हे या गावांना ठाऊक आहे. गुलाल उधळला जातो, नाक्यानाक्यावर अभिनंदनाचे फलक लागतात, मंडळे, संस्था, व्यापारी आणि ज्ञातिसंघ हारतुरे घेऊन रांग लावतात. हार घालून झाला की त्याच हाताने अर्ज पुढे होतो. कोणाच्या आळीतील गटार तुंबलेले असते, कोणाच्या गल्लीतील दिवा बंद असतो, तर कोणाच्या मुलाला नोकरी हवी असते. या रांगेपासून दूर, चहाच्या टपरीवर दुसरा वर्ग बसलेला असतो. त्याचा शेरा ठरलेला असतो: सगळे एकाच माळेचे मणी, कोणीही आला तरी नळाला पाणी येईल तेवढेच.

या दोन प्रतिक्रिया परस्परविरोधी भासतात. परंतु त्यांचे मूळ एकच आहे. पहिली प्रतिक्रिया नगराध्यक्षाला दाता मानते, दुसरी त्याला लबाड मानते. दोहोंतही नागरिक स्वतःकडे कोणतेही काम ठेवत नाही. एकाने हात पसरायचे आणि दुसऱ्याने हात झटकायचे, एवढाच फरक. नगरपरिषद ही आपली संस्था आहे, तिचा पैसा आपला आहे आणि तिच्या कारभाराचा जाब विचारणे हे आपले कर्तव्य आहे, ही जाणीव दोन्ही ठिकाणी सारखीच क्षीण आहे. नव्या नगराध्यक्षांच्या पहिल्या दिवसांत खरी चिंता वाटावी ती याची.

लोकांचा उत्साह मात्र समजण्यासारखा आहे. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांची मुदत पाच वर्षांची ठरवली आणि ती संपण्यापूर्वीच नवी निवडणूक झाली पाहिजे असे बंधन घातले. असे असताना २०१६ च्या अखेरीस निवडलेल्या नगरपरिषदांची मुदत संपल्यावर सारा कारभार प्रशासकांच्या हाती गेला आणि तेथेच राहिला. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात रेंगाळला, राज्यात सरकारे बदलली, आणि अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या असा आदेश द्यावा लागला. या काळात ठराव करणारा आणि तो अमलात आणणारा हात एकच होता. प्रश्न विचारणारे सभागृह नव्हते. रस्ता का उखडला हे विचारण्यासाठी नागरिकाला अधिकाऱ्याच्या दालनाबाहेर ताटकळावे लागे. म्हणून निवडून आलेला माणूस समोर दिसताच लोकांना हायसे वाटले असेल, तर त्यात नवल नाही. परंतु चार वर्षे आपला हक्क हिरावला गेला असताना पेणमध्ये, रोह्यात किंवा राज्यात अन्यत्र त्याविरुद्ध मोठा आवाज का उठला नाही, हा प्रश्न गुलालात विसरला जाऊ नये.

नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडावा की नगरसेवकांतून, याविषयीचा महाराष्ट्राचा इतिहासही उद्‌बोधक आहे. १९७४ साली थेट निवड झाली. पुढे ती सोडून देण्यात आली. २००१ साली ती पुन्हा आली आणि पुन्हा गेली. २०१६ साली परत आली, २०२० साली रद्द झाली आणि २०२२ साली पुन्हा कायद्यात बसली. थेट निवडीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. नगरसेवकांची पळवापळवी, सहलीच्या नावाखाली त्यांना कोंडून ठेवणे आणि दर सहा महिन्यांनी होणारी खुर्चीची ओढाताण यांना लोक विटले होते, हे नाकारता येत नाही. परंतु पद्धत प्रत्येक वेळी बदलली ती मुंबईतील सत्ताधाऱ्यांच्या सोयीने. ज्यांचा नगराध्यक्ष निवडायचा त्या नागरिकांना कोणी विचारले नाही. शिवाय थेट निवडीने एक भ्रम पक्का झाला आहे. सबंध गावाने मिळून एका व्यक्तीला कौल दिला म्हणजे सबंध गावाचा कारभार त्या एका व्यक्तीच्या मुठीत आला, असा तो भ्रम होय.

वस्तुस्थिती वेगळी आहे. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमानुसार नगराध्यक्ष सभेचे अध्यक्षस्थान भूषवतो आणि कारभारावर देखरेख ठेवतो. प्रत्यक्ष अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्याकडे असते आणि मुख्याधिकारी राज्य सरकारचा नोकर असतो. नगरपरिषदेने केलेला ठराव जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली स्थगित करू शकतात. म्हणजे ज्याच्या गळ्यात हार पडतात त्याच्या हाती अधिकार थोडा, आणि ज्याच्या हाती अधिकार आहे त्याला लोकांपुढे उभे राहण्याचे कारण नाही. लोकशाहीचे हे व्यंग पहिल्या दिवसांच्या सत्कारात झाकले जाते आणि सहा महिन्यांनी निराशेच्या रूपाने उघडे पडते.

पैशाची गोष्ट तर याहून बिकट आहे. एके काळी नगरपालिकांना जकातीचा आधार होता. ती पद्धत सदोष होती, नाक्यावरील भ्रष्टाचार सर्वश्रुत होता. तथापि ते गावाचे स्वतःचे उत्पन्न होते. १९९९ साली राज्यातील नगरपरिषदांची जकात बंद झाली आणि तिच्या जागी सरकारी अनुदान आले. स्वतःच्या घामाचे उत्पन्न जाऊन वरून मिळणारा तनखा आला. केंद्राचा पैसाही अटी घेऊन येतो. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी लहान शहरांना दिलेल्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधून ठेवली. या बाबी महत्त्वाच्या आहेत यात शंका नाही; पण गावाने आपला अग्रक्रम आपण ठरवण्यास उरलेली जागा किती, हेही पाहिले पाहिजे.

पेण आणि रोहा यांच्या बाबतीत यात आणखी एका विसंगतीची भर पडते. पेण तालुक्यातील मोठा पोलाद कारखाना डोलवीला आहे. रोह्याची औद्योगिक वसाहत धाटावला आहे. दोन्ही नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर. कारखान्यांमुळे वाढणारी वर्दळ, भाड्याच्या खोल्या, बाजारातील गर्दी आणि रस्त्यावरील अवजड वाहने यांचा भार शहर सोसते. कारखान्याच्या इमारतींवरील कर मात्र शहराच्या तिजोरीत येत नाही. २०११ च्या जनगणनेत पेणची लोकसंख्या सुमारे ३८ हजार आणि रोहा-अष्टमीची सुमारे २१ हजार होती. एवढ्या वस्तीच्या घरपट्टी-पाणीपट्टीतून आधुनिक शहर उभे राहत नाही. मग नगराध्यक्ष काय करतो? तो आमदाराकडे, मंत्र्याकडे निधीसाठी खेटे घालतो. नागरिक नगराध्यक्षाचा याचक, नगराध्यक्ष मंत्र्याचा याचक आणि राज्य दिल्लीचे याचक, अशी ही उतरंड आहे. डॉ. राममनोहर लोहिया यांनी गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र अशा चार खांबांवरील राज्याची कल्पना मांडली, तेव्हा प्रत्येक खांबाला स्वतःचा अधिकार आणि स्वतःचा पैसा असावा हे त्यात अभिप्रेत होते. आज पहिला खांब केवळ शोभेचा उरला आहे.

याचा अर्थ नगरपरिषदेला काहीच करता येत नाही, असा मात्र नव्हे. याच जिल्ह्याचा इतिहास त्याला साक्षी आहे. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाल्यानंतर महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. सुरबानाना टिपणीस यांच्यासारख्या नगराध्यक्षाने त्या कामी पुढाकार घेतला. परंतु ठराव दप्तरात राहिला. कोणी पाण्याला हात लावू शकले नाही. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे तळ्यावर गेली तेव्हा त्या ठरावात प्राण आला. आणि सनातन्यांचा दाब वाढताच त्याच नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये तो ठराव मागे घेतला! चांगला नगराध्यक्ष आणि चांगला ठराव यांना लोकांच्या संघटित शक्तीची जोड नसेल तर काय होते, आणि असेल तर काय होऊ शकते, या दोन्ही गोष्टी महाडने एका तपाच्या आतच दाखवून दिल्या.

एकाच्या शब्दावर कारभार चालू नये, हा धडाही या भूमीला परका नाही. रोह्याशी ज्यांचे कौटुंबिक नाते होते ते चिंतामणराव देशमुख १९५२ साली कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले. १९५६ साली त्यांनी अर्थमंत्रिपद सोडले ते मुंबईच्या प्रश्नावर. आणि त्या वेळी त्यांचा एक आक्षेप असा होता की, मुंबईविषयीचा निर्णय मंत्रिमंडळात यथोचित विचार न होता जाहीर झाला. समोर पंडित नेहरूंसारखा लोकप्रिय नेता असतानाही देशमुखांनी सामुदायिक निर्णयाचा आग्रह सोडला नाही. मग शहराचा नगराध्यक्ष कितीही मतांनी निवडून आलेला असो, सभागृहाला वळसा घालून त्याने दिलेले आश्वासन टाळ्या वाजवून का स्वीकारावे?

पेणकरांना तर व्यक्तीवरील भाबड्या विश्वासाची किंमत कोणी सांगायला नको. २०१० साली पेण अर्बन सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि आयुष्यभराची पुंजी तेथे ठेवलेल्या सामान्य ठेवीदारांची कुटुंबेच्या कुटुंबे हवालदिल झाली. पैसे परत मिळवण्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे लढावे लागले. सहकारी संस्थेचा सभासद मालक असतो, असे कायदा म्हणतो. पण वार्षिक सभेत चहा पिऊन, अहवाल न वाचता हात वर करणारा मालक हा मालक राहत नाही. नगरपरिषदेचा मतदारही याच कायद्याने मालक आहे. त्याने पाच वर्षांतून एकदा बोटाला शाई लावून घेतली आणि मधल्या काळात हिशेब पाहिलाच नाही, तर त्याची गत निराळी का व्हावी?

म्हणून नव्या नगराध्यक्षांकडे पहिल्या दिवसांत मागायचे ते वेगळे आहे. मार्चअखेरपूर्वी अंदाजपत्रक मंजूर व्हावयाचे असते. ते मंजुरीपूर्वी मराठीत, सोप्या भाषेत छापून प्रभागाप्रभागात लावावे. प्रशासकांच्या काळात कोणती कामे झाली, कोणत्या ठेकेदाराला किती पैसे दिले आणि लेखापरीक्षणात कोणते आक्षेप निघाले, याचे निवेदन सभागृहापुढे ठेवावे. सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका आधी जाहीर व्हावी आणि प्रेक्षक म्हणून नागरिकांनी तेथे उपस्थित राहावे. शेजारच्या खेड्यात ग्रामसभा भरते; शहरातील माणसाला तशी नित्य भरणारी सभा नाही. नगराध्यक्षांनी दर तीन महिन्यांनी प्रभागात अशी सभा घेण्याचा प्रघात पाडावा. पेणच्या मूर्तिकारांना प्लास्टरच्या मूर्तींविषयी आश्वासन देणे सोपे आहे; पण तो निर्णय केंद्रीय मंडळाच्या सूचना आणि न्यायालयाचे आदेश यांच्या कक्षेतला आहे. नगरपरिषदेच्या हाती विसर्जनाचे कृत्रिम तलाव आणि साचलेल्या मूर्तींची विल्हेवाट आहे; तिने तेवढे चोख करावे. जे आपल्या हाती नाही ते नाही असे स्पष्ट सांगणारा नगराध्यक्ष लोकांना आरंभी रुचणार नाही, पण लोकांना शहाणे करील तो तोच.

नागरिकांनीही आपला अर्ज बदलला पाहिजे. स्वतःच्या दारापुढील दिव्याचा अर्ज एकट्याने देण्याऐवजी गावातील किती दिवे बंद आहेत आणि दुरुस्तीवर किती खर्च दाखवला आहे, याचा अर्ज दहा जणांनी मिळून द्यावा. पहिल्या अर्जाने मेहेरबानी मिळते. दुसऱ्याने कारभार सुधारतो. जमाखर्चाच्या वह्या उघडायला लावणारा हा दुसरा अर्ज पेण आणि रोह्यात कोण आणि कधी घेऊन येतो, यावर पुढील पाच वर्षे अवलंबून आहेत.