पुली बदलली, पुढे काय?

ऑक्सफर्डच्या कारखान्यात बनलेली आणि 2002 ते 2006 या काळात विकली गेलेली मिनी कूपर एस आजही हौशी मंडळींची लाडकी आहे. ब्रिटन-अमेरिकेतले तिचे मालक एक बदल हमखास करतात: सुपरचार्जरची मूळ पुली काढून 15 टक्के लहान पुली बसवतात. गाडी लगेच जोरात पळू लागते. माझा विरोध या हौसेला नाही, अर्धवट कामाला आहे.

टर्बोच्या गाडीत जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह असतो. इथे सुपरचार्जर बेल्टने इंजिनाबरोबरच फिरतो, म्हणून हवेचा दाब मुख्यतः पुलीच्या मापावर ठरतो. पुली 15 टक्के लहान झाली की सुपरचार्जर सुमारे 18 टक्के जास्त वेगाने फिरतो. हवा जितकी दाबाल तितकी तापते. मग सिलिंडरमधले मिश्रण ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच भडकते आणि इंजिन नॉक करू लागते. नॉक सेन्सर ठिणगी थोडी उशिरा टाकून सांभाळून घेतो. पण त्यालाही मर्यादा आहे.

म्हणून पुलीसोबत इंधन आणि ठिणगीचे ट्युनिंग, चांगल्या ऑक्टेनचे पेट्रोल आणि इंटरकूलरची तपासणी हवीच. पैसे फक्त पुलीपुरते असतील, तर थांबावे.

कारण ही गाडी उद्या विकली जाते आणि बॉनेटखालची पुली कुणी मोजत नाही. मजा पहिल्याची, पिस्टनचा खर्च दुसऱ्याच्या माथी. विकताना हा बदल लपवणे म्हणजे सरळ फसवणूक आहे, असे मला वाटते.