खात्यापित्या घरचं पोर

मंडळी, आपल्याकडे मूल गुटगुटीत दिसलं की लगेच कौतुक होतं, "खात्यापित्या घरचं आहे हो!" ज्यांनी टंचाईचे दिवस काढले, त्या पिढीचं हे कौतुक आहे. पण पहिली ते चौथीच्या मुलांचं सुटलेलं पोट म्हणजे बाळसं नव्हे. हे आता आपण आजी-आजोबांनीच सांगायला हवं, कारण खाऊचे पैसे बहुतेक वेळा आपल्याच हातून जातात!

कोणी म्हणेल, हे शहरातलं दुखणं, आपल्या भरे गावात कुठलं? तर ऐका. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. २००३ साली त्यांनी जे मांडलं ते चकित करणारं होतं. इथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने टिकून! म्हणजे दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार. अशा मुलाला पुढे भरपूर गोड-तेलकट मिळालं आणि हालचाल कमी झाली, तर मोठेपणी मधुमेहाचा धोका वाढतो. ही खेड्यातलीच गोष्ट आहे, बरं का.

म्हणून "पोर बारीक आहे, खाऊ दे काहीही" हे जितकं चुकीचं, तितकंच "जाड आहे, उपाशी ठेवा" हेही चुकीचं. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालच्या शंभरातल्या सुमारे ३५ मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. अशा राज्यात जेवण तोडून कसं चालेल?

शाळेतल्या खिचडीला उगाच दोष देऊ नये. प्राथमिकच्या मुलासाठी त्या आहाराचं माप ४५० उष्मांक, १२ ग्रॅम प्रथिने आणि ५ ग्रॅम तेल असं ठरलेलं आहे. त्यात डाळ-भाजीही धरलेली आहे. गोंधळ होतो तो शाळा सुटल्यावर. पाच-दहा रुपयांची वेफर्सची पुडी, क्रीमची बिस्किटं, रंगीत पेय, आणि मग मोबाईल!

शाळेत आणि शाळेच्या आवारापासून ५० मीटरच्या आत असे पदार्थ विकू नयेत, असा केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. नियम कागदावर राहू नये म्हणून शाळा व्यवस्थापन समितीने, म्हणजे पालकांनीच, दुकानदाराशी बोलावं. तोही गावचाच असतो, त्याचीही मुलं असतात. पुड्यांच्या जागी शेंगदाणे, चणे, चिक्की, केळी ठेवायला त्याला सांगता येईल.

दुसरी विनंती शिक्षकांना. खेळाचा तास गणिताला देऊ नका. आमच्या काळी वेगळा व्यायाम लागत नसे, भाताच्या खाचरांच्या बांधावरून शाळेत जाण्यातच तो होई. आता मूल गाडीवरून येतं, तेव्हा मैदान हाच त्याचा बांध.

आणि शेवटचं, सर्वांसाठी. मुलाला 'जाड्या', 'ढोल्या' म्हणू नका. असं चिडवलेलं पोर मैदानावर यायचंच टाळतं आणि दुखणं वाढतं. ताटात आपण काय वाढतो आणि हातावर काय ठेवतो, ते आधी पाहू या.

असो. तुमच्या घरी नातवंडांना खाऊ म्हणून काय देता?